आडवी बाटली

मुलांनो, निवडणुकीच्या दिवसांत भिंतींवर रंगवलेल्या निशाण्या तुम्ही पाहिल्याच असतील. कुणाची शिट्टी, कुणाची कपबशी, कुणाचा पतंग. पण ज्या मतपत्रिकेवर नुसत्या दोन बाटल्याच छापलेल्या असतात, अशी मतपत्रिका कधी पाहिली आहे का? एक बाटली उभी, एक आडवी. बस्स! ना उमेदवार, ना पक्ष, ना भाषणं.

आपल्या महाराष्ट्रात अशी निवडणूक खरोखर होते. ती असते गावातल्या दारूच्या दुकानाची. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर त्याचा अर्थ ‘दुकान चालू राहू दे’. आडव्या बाटलीवर मारला तर ‘दुकान बंद करा’. चित्र इतकं सोपं का? तर जिला अक्षरओळख नाही, त्या आजीलाही आपलं मत नेमकं कुठे पडतंय हे कळावं म्हणून.

याचा नियम राज्य सरकारच्या २००८ सालच्या आदेशात आहे. गावातल्या निदान पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून अर्ज दिला, की सरकारी अधिकारी त्या सह्या तपासतात आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. सगळ्या मतदारांच्या वतीने अर्ज करायचीही सोय आहे, पण बहुतेक गावांत पुढाकार घेतात त्या बायकाच.

आता एक गणित घालतो. वही घ्या!

समजा, एका गावात एक हजार बायका मतदार आहेत. मतदानाला आल्या सातशे. आडव्या बाटलीला पडली ४८० मतं आणि उभ्या बाटलीला २२०. सांगा पाहू, कोण जिंकलं?

‘आडवी बाटली!’ असं तुम्ही ओरडला असाल. दुपटीहून जास्त मतं आहेत ना? पण नाही. दुकान चालूच राहणार! कारण इथे आलेल्या मतांची बेरीज-वजाबाकी करत नाहीत. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे हजारांमागे कमीत कमी ५०१. आपल्या गणितात एकवीस मतं कमी पडली.

मग दुकान कुणी वाचवलं? उभ्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या २२० जणींनी? त्यांनी तर वाचवलंच, पण त्यांच्याइतकंच ‘आपल्याला काय करायचंय?’ म्हणून घरी बसलेल्या तीनशे जणींनीही वाचवलं. त्यांच्यातल्या एकवीस जणी आल्या असत्या, तर निकाल फिरला असता.

म्हणून अशा मतदानाच्या आधी गावात काय काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. बायका घरोघरी फिरतात. शेतावर गेलेल्यांना बांधावर जाऊन गाठतात. माहेरी गेलेल्या सुनेला निरोप धाडतात. म्हाताऱ्या आजींना आधार देऊन मतदानाच्या ठिकाणी नेतात. नवरा रागावेल म्हणून घाबरलेल्या बाईला दहाजणी मिळून धीर देतात. एकटी बाई दुकानासमोर उभी राहिली तर तिला हसतील, हाकलतीलही. पाचशे जणी उभ्या राहिल्या तर कायदाच त्यांच्या बाजूने उभा राहतो.

व्यसन या विषयावरचा हा सगळ्यात मोठा धडा आहे. एकट्याने सांगितलेलं ‘नाही’ कच्च्या दोऱ्यासारखं असतं. अनेकांनी मिळून सांगितलेलं ‘नाही’ म्हणजे दोरखंड!

बायकाच पुढे का?

आणखी एक छोटं गणित. समजा, एक माणूस रोज चारशे रुपये मजुरी मिळवतो आणि त्यातले दीडशे रुपये दारूला घालवतो. तीस दिवसांचे किती झाले? चार हजार पाचशे! आता विचार करा, साडेचार हजारांत काय काय येतं? महिन्याचा किराणा, वह्या-पुस्तकं, लहान बहिणीचं दूध, आजीचं औषध. दारू पिणारा एकटाच असतो, पण तिचे पैसे सगळं घर भरतं.

आणि प्रश्न नुसता पैशांचा नसतो. रात्रीची भांडणं, मारहाण, शेजाऱ्यांसमोर मान खाली जाणं, दुसऱ्या दिवशी अभ्यासात लक्ष न लागणं, हे सगळं घरातल्या बायकामुलांच्या वाट्याला येतं. ज्यांना सोसावं लागतं, त्यांनाच आधी जाग येते.

दुकान बंद झालं. मग?

पण दुकानाला कुलूप लागलं की गोष्ट संपली, असं समजू नका. ती तिथून सुरू होते.

आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. दाट जंगलांचा, नद्यांचा, आदिवासी पाड्यांचा. तिथे १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरोग्याचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की लोकांच्या दुखण्यांची यादी करायची तर दारूला वगळून चालणार नाही. गावोगावच्या बायका तर तेच सांगत होत्या. सभा झाल्या, गावांनी ठराव केले, मोर्चे निघाले. काही वर्षांच्या लढ्यानंतर १९९३ मध्ये संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

पण कागदावर बंदी आली म्हणून दारू पळून जाते का? चोरून हातभट्टी लावणारे असतात, शेजारच्या भागातून बाटल्या आणणारे असतात. शिवाय गडचिरोलीत दुसरं एक व्यसन घराघरांत होतं, ते म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा तिकडे मोठी माणसं तर खातातच, पण शाळेतली पोरंही खायला शिकतात. म्हणून २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झालं. त्यात सरकार, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट एकत्र आले, पण खरा भार टाकला गेला गावावर. गावोगावी संघटना बांधायची, गावाने आपला नियम आपण करायचा, चोरटी विक्री आपणच रोखायची, शाळेत मुलांशी बोलायचं आणि ज्याला व्यसन सोडायचं आहे त्याला तालुक्याच्या ठिकाणी उपचार मिळवून द्यायचे, अशी कामाची वाटणी झाली.

आता शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहू. तिथल्या बायकांनीही मोठं आंदोलन केलं आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथे दारूबंदी झाली. पण २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. चोरटी दारू आणि त्याबरोबरचे गुन्हे वाढले, असं कारण सरकारने दिलं. बंदी हवी म्हणणाऱ्यांना तो निर्णय पटला नाही. बंदी असावी की नसावी, यावर मोठी माणसं आजही तावातावाने वाद घालतात. सरकारला दारूवरच्या कराचा मोठा पैसा मिळतो, हीसुद्धा त्या वादातली एक बाजू आहे.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा आपलं मत बनवालच. पण दोन्ही जिल्ह्यांकडून एक गोष्ट आताच शिकता येते. कायदा म्हणजे कुंपण. कुंपण हवंच, पण त्यावर लक्ष ठेवणारी माणसं नसतील तर गुरं कुठून ना कुठून आत शिरतातच.

शाळेभोवतीची पिवळी रेषा

आता गावाकडून तुमच्या शाळेकडे येऊ. दारूचं दुकान तुमच्यापासून दूर असेल कदाचित, पण तंबाखूची पुडी? ती अगदी जवळ असू शकते. व्यसनाची पहिली पायरी बहुतेक वेळा बाटलीने नाही, पुडीने चढली जाते. ‘एकदा घेऊन तर बघ!’ असं म्हणणारा कुणी अनोळखी राक्षस नसतो. तो आपल्याच बाकावरचा, आपल्याच गल्लीतला मित्र असतो. म्हणून तर नाही म्हणणं अवघड जातं.

यासाठी आपल्या देशात २००३ साली कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायचा नाही. आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तो विकायचाच नाही, कुणालाही नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. पुढे २०१९ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूमुक्त शाळेसाठी सुधारित सूचना काढल्या. त्यात सांगितलं, की शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांवर रस्त्यावर एक पिवळी रेषा आखा, म्हणजे हद्द सगळ्यांना दिसेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मुलांना दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

आता खरं सांगा हं. ‘जा रे बाळ, टपरीवरून एक पुडी घेऊन ये,’ असं तुम्हाला घरातून कधी कुणी सांगितलंय? आणि उरलेल्या पैशांची गोळीही मिळालीय? पुष्कळ घरांत हे होतं. त्यात कुणाला काही वाईट दिसतही नाही. पण त्या दोन मिनिटांत काय काय घडतं पाहा. टपरीवाला कायदा मोडतो. मुलाला पुडीचं नाव, किंमत, वास, सगळं पाठ होतं. आणि पुडी आणणं म्हणजे कोथिंबीर आणण्यासारखंच एक साधं काम आहे, असं त्याच्या मनात बसतं. तेव्हा पुढच्या वेळी हसतहसत सांगा, “बाबा, दुसरं काहीही आणतो, पण पुडी नको. दुकानदाराला दंड होईल!”

एका थंडगार बेटावर

हे सगळं आपल्याकडेच चालतं असं मात्र नाही. युरोपच्या वायव्येला, उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ आइसलंड नावाचं बेट आहे. संपूर्ण देशाची लोकसंख्या चार लाखांहूनही कमी! तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एक पाहणी करताना विचारलं, की गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगला होतात का? शंभरातल्या ४२ मुलांनी ‘हो’ म्हणून सांगितलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं शंभरात २३ होती. सारा देश हादरला.

त्यांनीही आधी आपल्यासारखंच केलं होतं. शाळेत भाषणं दिली, भीतीदायक चित्रं दाखवली. उपयोग झाला नाही. मग तिथल्या अभ्यासकांनी प्रश्नच उलटा केला. जी मुलं व्यसनाकडे जात नाहीत, त्यांच्या आयुष्यात असं काय असतं? उत्तरं अगदी साधी निघाली. ती मुलं नियमित कुठला तरी खेळ खेळतात किंवा कला शिकतात. आईवडिलांबरोबर जास्त वेळ असतात. रात्री उशिरापर्यंत बाहेर भटकत नाहीत. शाळेत त्यांना आपुलकी वाटते.

मग काय, सगळा गावच कामाला लागला! एका वस्तीतल्या पालकांनी एकत्र बसून ठरवलं, की आमची मुलं अमुक वाजता घरी येतील, आणि त्या कराराखाली सह्या केल्या. त्यामुळे ‘बाकी सगळ्यांचे आईबाबा जाऊ देतात’ ही मुलांची हुकमी सबब संपली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वयाच्यांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, असा नियमच आहे. उन्हाळ्यात दोन तासांची सूट मिळते, कारण तिथे उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो! राजधानी रेक्याविकमध्ये मुलांना खेळ, संगीत, नाच शिकण्यासाठी नगरपालिका पैशांची मदत देऊ लागली. आणि दरवर्षी मुलांची पाहणी करून प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा निकाल कळवला जाऊ लागला.

२०१६ मध्ये आकडे आले. झिंगलेली मुलं ४२ वरून पाचवर आणि रोज सिगारेट ओढणारी २३ वरून तीनवर!

आपल्याकडे इतका पैसा नाही, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे तालीम आहे, कबड्डीचं मैदान आहे, लेझीम-ढोल आहे, वाचनालय आहे, भजनी मंडळ आहे. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात ही दारं उघडी आहेत का, एवढंच आधी पाहायचं.

मेंदू अजून घडतो आहे

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मोठी माणसं समजूतदार असतात, मग त्यांना व्यसन सोडता का येत नाही? कारण व्यसन म्हणजे नुसती वाईट सवय नसते, तो एक आजार असतो. तंबाखूतलं निकोटिन किंवा दारू मेंदूतल्या आनंद देणाऱ्या यंत्रणेला खोटा इशारा देते. तसं पुन्हापुन्हा झालं की मेंदूला त्याचीच चटक लागते. मग ते मिळालं नाही तर जीव कासावीस होतो. माणसाच्या मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपास पुरी होते. धोका ओळखून स्वतःला आवरणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. म्हणून तुमच्या वयात चटक लवकर लागते आणि सुटायला जास्त त्रास होतो.

आजार आहे म्हणजे उपचारही आहेत. १९८०-९० च्या दशकात ‘गर्द’ नावाच्या भयंकर अमली पदार्थाने शहरांतल्या तरुणांना ग्रासलं होतं. लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार समजत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. केवढा फरक आहे बघा एका शब्दात!

आता एक गोष्ट हळूच सांगतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी कुणीतरी पीत असेल. बाबा, काका, मोठा दादा. मित्रा, मैत्रिणी, तो तुझा दोष नाही. तू अभ्यास कमी केलास म्हणून ते पीत नाहीत आणि तू पहिला नंबर काढलास म्हणून ते थांबतील असंही नाही. ते तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गप्प न राहणं. आजी, मावशी, वर्गशिक्षिका, शेजारच्या काकू, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका तरी मोठ्या माणसाला सांग. घरात भीती वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे. व्यसन सोडण्याबद्दल सल्ला हवा असेल तर १४४४६ वर घरातलं कुणीही विचारू शकतं. दोन्ही फोन फुकट आहेत.

हे करून पाहा

१. सरांची किंवा बाईंची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर शाळेच्या कुंपणापासून टेपने ९१ मीटर मोजा. आत तंबाखू विकणाऱ्या किती टपऱ्या आहेत, ते नकाशावर मांडा. नकाशा मुख्याध्यापकांना द्या. पुढची तक्रार मोठ्यांनी करायची. टपरीवाल्याशी हुज्जत घालायला मुलांनी जायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

२. वर्गातल्या चार-पाच मित्रांनी मिळून एक वाक्य ठरवा. कुणी पुडी किंवा सिगारेट पुढे केली, तर पाचहीजण तेच वाक्य म्हणणार. ‘आमची टीम आऊट होते रे त्याने!’ असं काहीही चालेल. एकट्याला धीर लागतो, पाचजणांना नुसतं वाक्य पुरतं.

३. एखादा मित्र त्यात अडकला असेल तर त्याला टोळीतून काढू नका. खेळायला बोलवा, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. ही चहाडी नव्हे, मदत आहे.

आणि पालकहो, थोडं तुमच्यासाठीही. मुलाला टपरीवर पाठवू नका. त्याच्या मित्रांचे आईवडील कोण, हे माहीत करून घ्या आणि निदान एकदा सगळे मिळून बसा. संध्याकाळच्या वेळा एकत्र ठरवा. तुम्हाला स्वतःला व्यसन असेल तर ते लपवण्यापेक्षा, ‘मला सोडायचंय, जड जातंय,’ असं मुलांना मोकळेपणाने सांगा. मुलं उपदेशापेक्षा प्रयत्न लवकर ओळखतात.

शेवटी पुन्हा त्या गणिताकडे या. ४८० जणी कडाक्याच्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या, तरी दुकान उघडंच राहिलं, कारण एकवीस जणी आल्या नाहीत. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात असंच एखादं गणित चालू असेल. त्यात कुणी तरी एक मताने कमी पडत असेल. ते मत तुमचं असू शकतं. जाल ना?